मयतीचा पुकारा

आमच्या अर्धापुरात माणूस गेला की आधी घरात रड उठायची आणि मग जिलानीला निरोप जायचा. मयताच्या घरातलं कुणीतरी बसस्टँडकडे यायचं, माझ्या हॉटेलासमोर उभ्या असलेल्या रिक्षापाशी थांबायचं आणि नुसतं नाव सांगायचं. जिलानी हातातला चहा होता तसा खाली ठेवायचा आणि माईक उचलायचा. परत आल्यावर तोच चहा गरम करून दिला तर त्याला चालायचा नाही, ताजाच लागायचा. यावरून आमचं दर मयतीला वाजायचं.

मी वैजनाथ. हॉटेल म्हटलं म्हणून फार मोठं काही समजू नका; चार बाकडी, एक टीव्ही, भजी आणि चहा. जिलानीची आणि माझी दोस्ती लहानपणापासूनची. अंगानं काडी, पांढरी टोपी, तोंडात कायम लवंग. पण माईक हातात आला की हा एवढा आवाज याच्या कुठल्या फासळीत मावतो असं वाटायचं. नळाला पाणी येणार नाही, पोलिओचा डोस आहे, साड्यांचा सेल लागलाय, कुणाची म्हैस सुटलीय, सगळं गावाला जिलानीकडून कळायचं. त्याचा आजा डफ वाजवून दवंडी द्यायचा, बापानं सायकलला भोंगा बांधला, यानं रिक्षाला बांधला. घराण्याची प्रगती झाली ती एवढीच, असं मी त्याला चिडवायचो.

सेलचा पुकारा तो उड्या मारत करायचा. मयतीचा पुकारा मात्र वेगळा. रिक्षा अगदी हळू, माणसाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, वय, आणि मग थोडा वेळ काहीच नाही. तेवढ्यात घराघरांतले मिक्सर बंद व्हायचे, बाया दारात यायच्या. मग अंत्ययात्रा किती वाजता, कुठून. मयत कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, त्यानं आवाजात फरक पडायचा नाही. बापानं त्याला दोनच गोष्टी घालून दिल्या होत्या. मयतीच्या पुकाऱ्याला काही घ्यायचं नाही, आणि मयतीचा निरोप आला की हातातलं काम जिथं असेल तिथं सोडायचं. एकदा ऐन वरातीत नवरदेवाच्या मामाचं नाव पुकारता पुकारता तो निघून गेला होता. मामा अजून बोलत नाही त्याच्याशी.

निवडणूक म्हणजे त्याचा हंगाम. सकाळी शेषेरावांना प्रचंड बहुमतानं विजयी करा, दुपारी आबासाहेबांना विजयी करा. रिक्षा तीच, गळा तोच, फक्त बॅनर बदलायचं. आबासाहेब म्हणजे आमचे चालू आमदार आणि शेषेराव त्यांच्याविरुद्ध उभे. दोघांच्या कार्यकर्त्यांना हे माहीत होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी विचारायचो, "तुझं मत कुणाला रे?" तो म्हणायचा, "भाऊ, आवाज त्यायचा, मत माझं. ते मी दिलशादलाबी सांगून न्हाई राहिलो." दिलशाद त्याची बायको. ती म्हणायची, आमच्या घरात लोकशाही आहे, फक्त बोलायची परवानगी नाही.

मागच्या विधानसभेला मात्र हवा बिघडली होती. माझ्याकडे तीन पेपर येतात. एकाच सभेचा फोटो एकात माणूस मावत नाही असा, दुसऱ्यात रिकाम्या खुर्च्यांचा, आणि तिसऱ्यात ती सभा झालीच नव्हती. गिऱ्हाइकं भांडायची. मी सांगायचो, बाबांनो, तिन्ही वाचा, चहा प्या आणि घरी जा. पण पेपर तरी बरे म्हणायची वेळ फोनवरच्या चॅनलांनी आणली. त्यात लातूरचं एक चॅनल सगळ्यांच्या पुढं. आबासाहेब शिंकले तरी त्यावर लाइव्ह यायचं, आणि शेषेराव काही बोलले की त्यात कट कुठं आहे ते शोधलं जायचं. आमच्या तालुक्यात त्यांचा एक माणूस मोटारसायकलवर फिरायचा, फोन कायम वर धरलेला.

प्रचार थांबला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केरबामामा गेले. केळीचे जुने बागाईतदार, भला माणूस. जिलानीनं पहिली रिक्षा घेतली तेव्हा तिला पहिला हार घालायला त्यानं केरबामामांनाच बोलावलं होतं. त्यांचा मुलगा दयानंद हा आबासाहेबांचा इथला उजवा हात. तो गाडीवरून आला, डोळे सुजलेले.

"चाचा, अण्णा गेले," तो म्हणाला.

जिलानीनं चहा ठेवला. रिक्षाच्या पाठीला आणि बाजूंना शेषेरावांचं बॅनर तारेनं आवळून बांधलेलं तसंच होतं. आदल्या दिवशी शेवटची पाळी त्यांची लागली होती. तो मला म्हणाला, "वैजनाथभाऊ, पक्कड दे." मी आत पक्कड शोधायला गेलो. घेऊन आलो तर दयानंदनं त्याचा हात धरला होता.

"राहू द्या ते, चाचा. मजूर केळी काढायला निघायच्या आत सांगा. सगळी अण्णाच्या हाताखालची माणसं हायत, एकदा वावरात गेली की सांजपतूर कळायचं न्हाई."

जिलानीनं बॅनरकडे पाहिलं, दयानंदकडे पाहिलं आणि रिक्षा चालू केली. बापानं सांगितलं होतं ना, हातातलं काम जिथं असेल तिथं सोडायचं; त्यानं बॅनर सोडवायचं कामही तसंच सोडलं. मी पक्कड हातात घेऊन उभा राहिलो. आजही ती पक्कड हाताला लागली की माझं डोकं फिरतं.

पुकारा झाला. मजूर परत फिरले, मोंढ्यातले हमाल-व्यापारी आले, मोहल्ल्यातली माणसं आली. जिलानीनं स्वतः खांदा दिला. स्मशानातून परत आलो तेव्हा माझ्या हॉटेलातली गिऱ्हाइकं फोन हातात घेऊन एकमेकांना दाखवत होती. मला बघून त्यांनी फोन पालथे ठेवले.

व्हिडिओ लातूरच्या चॅनलचा. जिलानीची रिक्षा, मागं शेषेरावांचा हसरा चेहरा, जिलानीचं तोंड माईकला लागलेलं. त्याचा आवाज पुसून टाकलेला. त्याजागी नगारे आणि एक बाई ओरडतेय की प्रचार संपला, आचारसंहिता आहे, पण हे लोक ऐकायला तयार नाहीत. हे लोक म्हणजे कोण, ते जिलानीच्या टोपीभोवती लाल गोल काढून सांगितलं होतं. शेवटी प्रश्न विचारला होता की यांना कुणाचं पाठबळ आहे.

दुपारी भरारी पथक आलं. भोंगे, मशीन आणि त्याच्या बापाचा जुना लोखंडी माईक, सगळं उतरवून ठाण्यात नेलं. जिलानीलाही नेलं, गुन्हा नोंदवला आणि संध्याकाळी सोडलं. मी ठाण्यात जाऊन सांगितलं की मयतीचा पुकारा होता, मी उभा होतो. तिथले साहेब म्हणाले, "तुम्ही त्याचे दोस्त. मयताच्या घरच्यांनी लिहून दिलं तर बघू." म्हटलं, अहो, अख्ख्या गावानं ऐकलंय. तर म्हणाले, "मग आणा की गावाला."

गावाला आणायला गेलो. कुणाला लग्नाला जायचं होतं, कुणाच्या पाठीत दुखत होतं. एकजण म्हणाला, ऐकलं खरं, पण नीट ऐकलं नाही. जिलानीचा पुकारा ऐकून सकाळी मयतीला आलेल्या माणसांनी दुपारी तोच व्हिडिओ पुढं पाठवला होता. मी हे डोळ्यांनी पाहिलं. माझ्या बाकड्यावर बसून, माझा चहा पीत पाठवला. त्या दिवसापासून मी काही जणांना चहात साखर कमी घालतो. दुसरं माझ्या हातात काही नाही.

शेषेरावांचं पत्रक दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. सदर इसमाशी आमचा काहीही संबंध नसून हा विरोधकांनीच रचलेला डाव आहे. आबासाहेब चॅनलवर म्हणाले की कायदा सगळ्यांना सारखा असला पाहिजे. दोघांनी मिळून एकच काम केलं असेल तर ते हे. ज्यांची नावं घेऊन घेऊन त्याचा गळा बसला होता, त्यांना तो आता सदर इसम झाला होता.

रात्रंदिवस त्याचं एकच चालू होतं. त्याला भरपाई नको होती, माफी नको होती. दयानंदनं एकदा, फक्त एकदा, चार माणसांत म्हणावं की हा पुकारा माझ्या बापाच्या मयतीचा होता. तो दयानंदकडे गेला. दयानंद राख सावडून आला होता, डोकं भादरलेलं. म्हणाला, "चाचा, मला काय कळत न्हाई का? पण निकाल लागू द्या. आत्ता मी बोललो तर आबासाहेब काय म्हणतील? मग बोलतो ना."

निकाल लागला. आबासाहेब निवडून आले, गुलाल झाला. जिलानी परत गेला. दयानंद मिरवणुकीच्या जीपमध्ये होता, म्हणजे सुतकात गुलाल नको म्हणून नुसता उभा होता. त्यानं जिलानीला पाहिलं आणि हात जोडले. ते हात नमस्काराचे होते की पुढं जा म्हणायचे, ते जिलानीला कळलं नाही. मला कळलं होतं.

इकडं जिलानी वाळत चालला. रिक्षानं नांदेडच्या सवाऱ्या मारायचा, तर मागं बसलेले फोनमध्ये बघायचे, आरशात त्याच्याकडे बघायचे. त्याची मुलगी रुखसार नांदेडला कॉलेजात. वर्गातल्या मुलींनी तिला तो व्हिडिओ दाखवून विचारलं, हे तुझे अब्बा ना? ती घरी येऊन जेवली नाही. जिलानीनं मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज एवढा बारीक होता की मला पुन्हा विचारावं लागलं. ज्याचा आवाज माळावर ऐकू जायचा, तो समोरच्या बाकड्यावरून ऐकू येईना. मला रडू आलं, सांगायला काय लाज आहे.

केरबामामांची बायको साखराबाई घरात बसून होती. तेरवीपर्यंत तिनं उंबरा ओलांडायचा नव्हता आणि तिला कुणी काही कळूही दिलं नव्हतं. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन थेट माझ्या हॉटेलासमोर आली. म्हातारी कधी बसस्टँडकडं फिरकत नसे.

"जिलानी, मला काल कळलं," ती म्हणाली. "माझ्या धन्याच्या मातीला गाव गोळा केलंस, अन् तुलाच धरून नेलं. कुठं हाय ते च्यानल? चल, मी सांगते."

"जाऊ द्या माय," जिलानी म्हणाला. "लातूर लांब हाय."

"लांब असंल तर गाडीत बसून जाऊ. मी काय चालत निघाले का?"

आम्ही तिघं लातूरच्या गाडीत बसलो. लोहा आलं, अहमदपूर आलं, म्हातारी खिडकीतून बघत काय काय बोलायचं ते पुटपुटत होती. जिलानीच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रक्त दिसलं. अहमदपूरच्या स्टँडवर त्यानं चहा घेतला, निवला म्हणून ठेवून दिला आणि ताजा मागितला. मला एवढा आनंद झाला की मी त्याच्याशी भांडलो नाही.

चॅनलचं ऑफिस एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर. निळा पडदा, दोन दिवे, एक टेबल. एवढ्याशा खोलीतून एवढा ओरडा होतो याचं मला नवल वाटलं. तिथला संपादक राजशेखर, गोरापान तरुण माणूस. उठून उभा राहिला, साखराबाईच्या पाया पडला, पाणी दिलं. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं; मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या. म्हातारीनं सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही.

"माय, तुमचं खरं हाय," तो म्हणाला. "मला पटलं. पण इलेक्शन झालं आता. हे आता कोण बघल?"

साखराबाईला समजेना. "म्हंजे? तवा खोटं बघायला लोक व्हते, अन् आता खरं बघायला न्हाईत?"

"ते काढून तरी टाका," मी म्हणालो.

"मालकाला विचारावं लागतंय. लई चाललेला व्हिडिओ हाय तो." मग त्याचे डोळे चमकले. "एक करू. भाईचाऱ्याची स्टोरी करू. मुसलमान माणूस शेजाऱ्याच्या मयतीचा पुकारा करतो. मस्त होईल. फक्त मुलाचा बाइट लागंल, क्यामेऱ्यापुढं दोन शब्द. एकट्या आईवर चालत न्हाई. मुलगा आबासाहेबांचा माणूस हाय, तोच बोलला तर वजन येईल."

जिलानीला भाईचारा नको होता, त्याला त्याचं नाव परत हवं होतं. पण बुडत्या माणसानं काय निवडायचं? तो पटकन म्हणाला, "चालंल. लावा फोन दयानंदला."

साखराबाईनं फोन लावायला माझ्याकडे दिला. मी स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "दया, मी लातूरला हाय. हे च्यानलवाले म्हणून राहिलेत, तू एक शब्द बोल. अण्णाच्या मयतीचा पुकारा व्हता, एवढंच."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"माय, तू आधी घरी ये," दयानंद म्हणाला. "तिथं काहीबाही बोलू नको. तुझी तब्येत बरी न्हाई." आणि फोन बंद झाला.

राजशेखरनं दिवा मालवला. म्हातारी पदराच्या टोकाकडे बघत बसली. मग जिलानीलाच तिची दया आली. तो उठला, तिच्या हाताला धरून म्हणाला, "चला माय. उशीर होऊन राहिला. गाडी चुकंल." जिना उतरताना म्हातारी मला म्हणाली, "वैजनाथ, दयाला दूध मीच पाजलं रे." परतीच्या गाडीत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "माझा पुकारा जिलानीच करल. दुसऱ्या कुणी केला तर मी उठून बसंल." जिलानी हाव माय, हाव माय म्हणत राहिला.

पुकारा कशावर करणार? भोंगे ठाण्याच्या मागं पत्र्याखाली पडले, कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. गावात माणसं मरतच होती. पण मयताच्या घरी कुणी जिलानीचं नाव काढलं की दुसरा म्हणायचा, नको, कुणी व्हिडिओ काढला तर उगाच झंझट. मयती मग फोनच्या स्टेटसवर लागू लागल्या. फोन न बघणारी म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, कधी गेला, आम्हाला कसं कळलं नाही?

यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि दयानंदला तिकीट मिळालं. प्रचार रंगात असताना एका सकाळी रुखसारनं फोन बापापुढं धरला. दयानंदच्या स्टेटसवर साखराबाईचा फोटो होता, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि वर आबासाहेबांचा फोटो, म्हातारीच्या फोटोपेक्षा मोठा. निरोप घेऊन बसस्टँडकडे कुणी आलं नव्हतं.

जिलानी माझ्यासमोर उभा होता. त्यानं चहा खाली ठेवला. मी बायकोला गल्ल्यावर बसवलं आणि त्याच्या रिक्षात मागं जाऊन बसलो, काय करणार आहेस हे विचारलं नाही. त्यानं रिक्षा काढली आणि जुन्या वाटेनं निघाला, मयतीच्या पुकाऱ्याच्या चालीनं, अगदी हळू. भोंगा नाही, माईक नाही. जिथं जिथं तो थांबायचा तिथं तिथं थांबला. तोंड मिटलेलं.

पहिल्या चौकात काही झालं नाही. दुसऱ्या चौकात एक बाई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली. तिनं ती चाल ओळखली होती. "जिलानीभाई, कोण गेलं?" तिनं विचारलं. तो हळूच म्हणाला, "साखरामाय." तिनं शेजारणीला हाक मारली. पुढच्या गल्लीत माणसं आधीच बाहेर येऊन उभी होती. मोंढ्यात हमालांनी पोती खाली ठेवली. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या चपला शोधू लागल्या. सगळे तोच प्रश्न विचारत होते आणि जिलानी तेच नाव सांगत होता, आणि रिक्षाच्या मागं माणसं चालू लागली होती.

दयानंदच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागं बघितलं तर रस्ता दिसत नव्हता. दयानंद धावत पुढं आला. गर्दी बघून त्याचे डोळे भरले. ते रडू खरं होतं, मी खोटं बोलणार नाही. मग त्यानं रिक्षा पाहिली. जवळ येऊन खाली वाकून म्हणाला, "चाचा, गाडी जरा मागच्या गल्लीत लावा ना. पत्रकार येऊन राहिलेत."

जिलानीनं रिक्षा मागच्या गल्लीत लावली. चालत आला आणि गर्दीत सगळ्यात शेवटी उभा राहिला. खांदा द्यायला पुढं गेला नाही.

दुसऱ्या दिवशी माझे तिन्ही पेपर आले. या वेळी तिघांचंही एकमत होतं. मातोश्रींच्या अंत्यदर्शनाला जनसागर, दयानंद यांच्या लोकप्रियतेची पावती, आबासाहेबांचे पारडे जड. मोठा रंगीत फोटो, माणसंच माणसं. लातूरच्या चॅनलवरही तेच चालू होतं. मी पेपर लपवणार तेवढ्यात जिलानी आला. त्यानं एक उचलला, चष्मा लावला आणि फोटो डोळ्यांजवळ धरून खूप वेळ बघत राहिला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"वैजनाथभाऊ," त्यानं विचारलं, "यात माझी रिक्षा कुठं दिसून राहिली का?"

मी नीट बघितलं. म्हणालो, "नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्यानं निवलेला चहा तसाच पिऊन टाकला.